बोलीचं वकीलपत्र

दिवसा कोर्टकचेरी आणि उरलेल्या वेळात शब्दांची वेचणी. क्युबेकच्या अद्ज्युतॉर रिव्हार या वकिलाने आपल्या माणसांच्या ‘गावठी’ फ्रेंचची केस हातात घेतली आणि ती तब्बल अठ्ठावीस वर्षं लढवली. वकील, न्यायाधीश आणि शब्दवेडा असलेल्या या माणसाची ही गोष्ट.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी एक जण सध्या फ्रेंच शिकत असेलच. कुणाला भाषेची हौस, कुणाला कंपनीने पाठवलेलं, तर कुणाच्या डोळ्यांपुढे कॅनडाचा पीआर. कॅनडाने २०२३ पासून इमिग्रेशनमध्ये फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे राउंड्स सुरू केले, तेव्हापासून तर ‘बाँजूर’ म्हणायला शिकणं हा करिअर प्लॅनिंगचाच भाग झालाय.

आता समजा, ही तुमची मैत्रीण सगळ्या लेव्हल्स पार करून मॉन्ट्रियलला उतरली. उच्चार एकदम पॅरिस छाप. आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या आजी तिच्याशी बोलायला लागल्या. ‘म्वा’च्या जागी ‘म्वे’, ‘आता’साठी ‘अस्तर’, ‘थंडी’साठी ‘फ्रेत’. पोरीला ओ की ठो कळेना. तिच्या मनात पहिला विचार काय येईल? ‘ही कसली फ्रेंच? ही तर गावठी!’

हा विचार करणारी ती पहिली नाही. क्युबेकच्या माणसांनी हे वाक्य शंभर-सव्वाशे वर्षं ऐकलंय. इंग्रजांकडून ऐकलंय, खुद्द फ्रान्समधून आलेल्या पाहुण्यांकडून ऐकलंय आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याच शिकलेल्या मंडळींकडून ऐकलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका वकिलाने हा आरोप जसाच्या तसा मान्य करायला नकार दिला. तो म्हणाला, आधी पुरावा बघू.

आरोपपत्र काय होतं?

थोडा इतिहास, पटकन. १६०८ मध्ये फ्रेंचांनी क्युबेक शहर वसवलं. पुढची दीडशे वर्षं सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने फ्रेंच शेतकरी, कारागीर, सैनिक येऊन राहिले. १७५९ मध्ये इंग्रजांनी क्युबेक जिंकलं आणि १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने या लोकांवर पाणी सोडलं. राजा गेला, सरदार-व्यापाऱ्यांतले बरेचसे परतले. मागे राहिली शेती, चर्च आणि भाषा.

आणि हो, कायदा. हा मुद्दा आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. १७७४ च्या क्युबेक अ‍ॅक्टने इंग्रजांनीच या प्रांताला मालमत्ता, वारसा, करार अशा खासगी व्यवहारांसाठी फ्रेंच कायदा परत दिला. १८६७ मध्ये कॅनडाचं संघराज्य झालं तेव्हा क्युबेकच्या कोर्टात आणि विधिमंडळात इंग्रजी किंवा फ्रेंच, कोणतीही भाषा वापरण्याचा हक्क राज्यघटनेतच लिहिला गेला. म्हणजे बँका, रेल्वे, कारखाने इंग्रजीत चालत असताना काळा कोट घालून दिवसभर फ्रेंच बोलता येईल अशी कोर्ट ही मोजक्या जागांपैकी एक होती.

पण तिथेही फ्रेंच निखळ नव्हती. रोजच्या जगण्यात इंग्रजी बेमालूम शिरलेली. १८८० मध्ये ज्यूल-पॉल तार्दिव्हेल या पत्रकाराने एक पुस्तिका काढली. तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘इंग्रजाळलेपण, हाच शत्रू’! त्याचं म्हणणं इंटरेस्टिंग होतं. उघड उघड घेतलेला इंग्रजी शब्द तितका घातक नाही, तो दिसतो तरी. खरा धोका आहे तो फ्रेंच शब्द वापरून इंग्रजीत बोलण्याचा. नोकरीसाठी अर्ज करायला क्युबेकचा माणूस म्हणतो ‘फेर अ‍ॅप्लिकास्याँ’. शब्द दोन्ही फ्रेंच, अर्थ मात्र इंग्रजी. पॅरिसमध्ये हे कुणाला कळणार नाही.

ओळखीचं वाटतंय ना? ‘मी तुला कॉल करते’ यातला ‘कॉल’ आपल्याला दिसतो. पण ‘मी तुझ्यासाठी नेहमी तिथे आहे’ म्हणताना सगळे शब्द शुद्ध मराठी आणि वाक्य मात्र थेट हॉलिवूडचं, हे लक्षातही येत नाही.

तर क्युबेकच्या माणसावर मार दोन्हीकडून. इंग्रजी बोलणारे हिणवायचे, की आम्ही शाळेत ‘पॅरिशियन फ्रेंच’ शिकतो, तुम्ही बोलता ते नुसतं ‘पात्वा’. पात्वा म्हणजे खेडवळ, लिहिण्याच्या लायकीची नसलेली बोली. आणि घरचे सुधारक म्हणायचे, तुमची भाषा इंग्रजीने नासवलीय. शेतातल्या माणसाने बोलायचं तरी कसं?

वकीलसाहेब हजर

अद्ज्युतॉर रिव्हारचा जन्म २२ जानेवारी १८६८ चा, निकोले भागातल्या सेंट-ग्रेगॉर गावचा. क्युबेक शहराच्या लाव्हाल विद्यापीठात कायदा शिकला, १८९१ मध्ये वकिलीची सनद मिळाली. सुरुवातीची प्रॅक्टिस उत्तरेकडच्या शिकुटिमीत, नंतर क्युबेक शहरात. इथवर सगळं कुठल्याही होतकरू वकिलासारखं.

पण या वकिलाला एक वेगळाच नाद होता, आवाजाचा. माणूस बोलतो कसा, ओठ-जीभ कुठे जातात, शब्द कुठे तुटतो. १८९८ मध्ये त्याने वक्तृत्वावर पुस्तक लिहिलं, १९०१ मध्ये उच्चारांवर ‘मान्युएल द ला पारोल’ हे दुसरं. लाव्हालमध्ये तो वक्तृत्व शिकवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर वकिलीबरोबर साइडला अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग!

गंमत बघा. ज्याचं काम लोकांचे उच्चार ‘सुधारणं’ होतं, तोच माणूस पुढे त्या ‘न सुधारलेल्या’ उच्चारांचा सगळ्यात मोठा वकील झाला. कारण उच्चार शिकवायचा तर आधी तो नीट ऐकावा लागतो. आणि नीट ऐकलं की प्रश्न पडतो, हा असाच का? चूक म्हणावी तर अख्खा गाव एकच चूक, एकाच पद्धतीने, पिढ्यान्‌पिढ्या कशी करेल?

१८ फेब्रुवारी १९०२

या दिवशी क्युबेक शहरात एक संस्था स्थापन झाली, ‘सोसिएते द्यु पार्ले फ्रांसे ओ कानादा’. सरळ मराठीत, कॅनडातल्या फ्रेंच बोलीची संस्था. मुख्य उत्साही दोघे. एक रिव्हार, दुसरा स्तानिस्लास लॉर्ती हा लाव्हालमध्ये धर्मशास्त्र शिकवणारा पाद्री. एक कोर्टातला, एक चर्चमधला. क्युबेकच्या त्या काळच्या समाजाचं हे अगदी अचूक चित्र आहे. भाषा, धर्म आणि शेती ही तिथे एकाच दोरीची तीन पदरं होती.

संस्थेने लगेच मासिक काढलं, ‘बुलेतँ’. त्याचे दोन चेहरे होते. एका सदराचं नाव होतं ‘सार्क्ल्यूर’, म्हणजे चक्क खुरपणी! वर्तमानपत्रांतली, जाहिरातींतली इंग्रजाळलेली वाक्यं पकडायची आणि तण उपटावं तशी उपटून दाखवायची. दुसरीकडे त्याच मासिकात लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांची यादी अंकामागून अंक छापली जात होती. एका हातात खुरपं आणि दुसऱ्या हातात परडी. काय उपटायचं आणि काय वेचायचं, हे ठरवणार कसं?

इथे वकिली डोकं कामाला आलं.

लॉर्तीने पहिला पुरावा आणला तो माणसांचा. १६०८ ते १७०० या काळात फ्रान्समधून इथे येऊन स्थायिक झालेल्या ४,८९४ जणांचं मूळ गाव-प्रांत त्याने जुन्या नोंदींतून शोधून काढलं. सगळ्यात जास्त निघाले नॉर्मंडीचे, ९५८. त्याखालोखाल पॅरिसच्या आसपासचा इल-द-फ्रान्स, मग प्वातू आणि ऑनी हे पश्चिमेचे प्रांत. म्हणजे आजोबा कुठून आले ते कळलं. आता आजोबांची भाषा शोधायची.

तो भाग रिव्हारचा. १९०३ मध्ये दोघांचं मिळून पुस्तक पॅरिसमधून निघालं, कॅनडातल्या फ्रेंचांचं मूळ आणि त्यांची बोली या विषयावर.

साक्षीदार बोलवा!

पद्धत साधी होती आणि कडक होती. एखादा शब्द फ्रान्सच्या शाळकरी फ्रेंचमध्ये सापडत नाही, म्हणून त्याला लगेच दोषी ठरवायचं नाही. प्रांतभरातल्या लोकांकडून विचारून घ्यायचं, तुमच्याकडे हा शब्द आहे का, कसा उच्चारता, कशासाठी वापरता? मग जुनी फ्रेंच पुस्तकं आणि फ्रान्सच्या प्रांतोप्रांतीचे बोलीकोश काढून बघायचं, हा तिकडे कुणाच्या तोंडी होता का? ऐकीव माहितीवर नाही, साक्षीपुराव्यावर निकाल.

आणि साक्षीदार असे काही बोलू लागले की विचारता सोय नाही.

‘म्वे’चंच घ्या. ‘मी’ला फ्रेंचमध्ये ‘म्वा’ म्हणतात, पॅरिसमध्ये, क्लासमध्ये, सगळीकडे. क्युबेकचा शेतकरी म्हणायचा ‘म्वे’, म्हणून तो अडाणी. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी खुद्द राजदरबारात ‘म्वे’च म्हणायचे. राजा स्वतःला ‘र्वा’ नाही, ‘र्वे’ म्हणवायचा. ‘वा’ हा तेव्हा पॅरिसच्या सामान्य लोकांचा उच्चार. क्रांतीत राजाचं डोकं गेलं, त्याच्याबरोबर त्याचा उच्चारही गेला आणि रस्त्यावरचा ‘वा’ शुद्ध ठरला. समुद्रापलीकडच्या क्युबेकला याची खबरच नाही. तो आपला राजाच्या उच्चारात गाईला हाक मारत राहिला!

‘अस्तर’ची तीच कथा. ‘आ सेत अर’, म्हणजे ‘या घटकेला’, याचं हे जुळून झालेलं रूप. सोळाव्या शतकातला थोर निबंधकार माँतेञ्य हेच रूप लिहायचा. ज्या मुलाला शाळेत ‘अस्तर’साठी छडी बसायची, तो खरं तर माँतेञ्यच्या भाषेत बोलत होता.

दाराला कुलूप लावण्याला क्युबेकमध्ये म्हणतात ‘बारे’, म्हणजे अडसर घालणं. आपण नाही का, अडसर कधीच गेला तरी ‘दार लावून घे’ म्हणतो. फ्रान्सच्या पश्चिम भागात हा शब्द आजही ऐकू येतो.

सगळ्यात मजा समुद्राच्या शब्दांची. क्युबेकचा माणूस गाडीत ‘बसत’ नाही, ‘आंबार्के’ करतो, म्हणजे जहाजावर चढतो. उतरताना ‘देबार्के’. जोरदार हिमवर्षाव झाला की तो म्हणतो ‘बॉर्दे द नेज’. ‘बॉर्दे’ म्हणजे जहाजाच्या एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागणं! यांचे पूर्वज बंदरांच्या प्रांतांतून आले, महिनोन्‌महिने जहाजावर काढले आणि नंतर नदीच्याच काठाने राहिले. गाव शेतीचं, पण जीभ खलाशाची.

काही शब्द मात्र कुणाकडूनच आणलेले नव्हते, ते इथेच पिकले. वाऱ्याने भुरभुरत उडणारं कोरडं हिम फ्रान्सने कुठे पाहिलंय? म्हणून क्युबेकने शब्द काढला ‘पूद्रेरी’. फ्रान्समध्ये याच शब्दाचा अर्थ दारूगोळ्याचा कारखाना! मोठ्या बेडकाला ‘वावारों’ आणि तिथल्या आंबट क्रॅनबेरीला ‘अतोका’ हे शब्द दिले मूळ रहिवाशांच्या भाषांनी.

आणि इंग्रजी? तीही होतीच. घरामागच्या संडासाला ‘बॅकहाउस’ म्हणणाऱ्या इंग्रजांचं ऐकून क्युबेकने केलं ‘बेकॉस’. पेपरमिंटच्या गोळीचं झालं ‘पापारमान’. प्लॅटूनची ‘पलटण’ करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. शब्द इतका घासून-पुसून घेतलाय की तो पाहुणा राहिलाच नाही.

रिव्हार आणि मंडळींनी हे सगळं वेगवेगळ्या ढिगांत घातलं. जुनी फ्रेंच, प्रांतांची बोली, स्वतःची निर्मिती, उसनवारी. एकदा असे ढीग झाले की ‘पात्वा’ हा एका शब्दाचा निकाल टिकतच नाही. पश्चिम फ्रान्समधल्या निरनिराळ्या बोलींचे लोक इथे एकत्र आले, त्यांची एकमेकांत मिसळून एक सामाईक फ्रेंच झाली आणि तिच्यात जुन्या बोलींचे रंग राहिले, ही मांडणी रिव्हारने पुढे १९१४ च्या ‘एत्यूद स्यूर ले पार्ले द फ्रांस ओ कानादा’ या अभ्यासात सविस्तर केली.

---

चौकट : बॅग भरण्याआधी हे वाचा

ब्ले दँद : शब्दशः ‘इंडियाचा गहू’, अर्थ मका! अमेरिकेला इंडिया समजण्याच्या जुन्या घोळाची ही खूण. क्युबेकमध्ये मक्याची कणसं आजही या नावाने ओळखली जातात.

देजने, दिने, सूपे : सकाळचं, दुपारचं, रात्रीचं जेवण. पॅरिसमध्ये ‘देजने’ म्हणजे दुपारचं आणि ‘दिने’ म्हणजे रात्रीचं. जेवायला बोलावलं असेल तर वेळ दोनदा विचारा! क्युबेकचा क्रम जुना आहे, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्येही तोच चालतो.

आशाले : कुणाच्या डोक्याला ताप देणं, पिच्छा पुरवणं. बॉसबद्दल बोलताना उपयोगी.

कातालोञ्य : जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेलं पांघरूण किंवा सतरंजी. आपल्या गोधडीची विणलेली चुलत बहीण.

त्यूक : थंडीत घालायची लोकरी टोपी. ही नसेल तर बाकी शब्द शिकायला तुम्ही जिवंत राहणार नाही.

मागाझिने : शॉपिंग करणं. फ्रान्समधले लोक सरळ ‘फेर द्यु शॉपिंग’ म्हणतात. आता सांगा, इंग्रजाळलेलं कोण?

---

खुरपं की परडी?

रिव्हारला संत करून टाकायचं कारण नाही. त्याच्या कामात एक ओढाताण होती आणि ती शेवटपर्यंत राहिली. तो लोकांच्या शब्दांचा बचाव करत होता, पण सगळ्यांच्या सगळ्या शब्दांचा नाही. नॉर्मंडीहून आलेला शब्द खानदानी. कारखान्यातून आलेला शब्द तण. आजीच्या स्वयंपाकघरातल्या बोलीला मान, मॉन्ट्रियलच्या गिरणीत बारा तास राबणाऱ्या नातवाच्या इंग्रजी-मिश्रित बोलीला खुरपं. त्या नातवाने इंग्रजी शब्द हौसेने उचलले नव्हते. मशीन इंग्रजी, मुकादम इंग्रजी, पगाराची चिठ्ठी इंग्रजी, तर नटबोल्टला फ्रेंच नाव त्याला सांगणार कोण?

पण घराबद्दलचं त्याचं प्रेम अस्सल होतं. १९१४ मध्ये त्याचं ‘शे नू’ आलं, म्हणजे ‘आमच्याकडे’. छोटे छोटे ललित लेख. एक घरावर, एक चुलाण्याच्या शेगडीवर, एक ‘बेर’वर. ‘बेर’ म्हणजे पाळणा. पॅरिसमध्ये पाळण्याला ‘बेर्सो’ म्हणतात, ‘बेर’ हे त्याचं जुनं रूप. कोशात एक ओळ मिळाली असती अशा शब्दाला त्याने अख्खा लेख दिला. १९१८ मध्ये ‘शे नो जाँ’, म्हणजे ‘आमच्या माणसांत’, हे पुढचं पुस्तक आलं.

आणि मग झाली खरी गंमत. १९२० मध्ये फ्रान्सच्या फ्रेंच अकादमीने ‘शे नू’चा पुरस्कार देऊन गौरव केला. शुद्ध फ्रेंच म्हणजे काय हे ठरवणारी ही सर्वोच्च पीठासीन संस्था! ज्या शब्दांना पात्वा म्हटलं, ते शब्द थेट वरच्या कोर्टात जिंकून आले. १९२४ मध्ये इंग्रजी भाषांतरही झालं. भाषांतरकार डब्ल्यू. एच. ब्लेक. हाही वकीलच, टोरांटोचा.

केस रंगात आली

हे सगळं नुसती हौस म्हणून चाललं होतं असं समजू नका. बाहेर वातावरण तापत होतं.

१९१० मध्ये क्युबेकमध्ये एक कायदा झाला. रेल्वे, ट्राम, टेलिफोन, वीज अशा कंपन्यांनी तिकिटं, बिलं, सूचना इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही द्याव्यात. इतकी साधी गोष्ट! तीही कायदा करून मिळवावी लागली. हा कायदा ओळखला जातो तो तो मांडणाऱ्या आमदाराच्या नावाने, आर्माँ लाव्हेर्ञ्य. हासुद्धा वकील.

२४ ते ३० जून १९१२ या आठवड्यात रिव्हारच्या संस्थेने क्युबेक शहरात कॅनडातल्या फ्रेंच भाषेची पहिली परिषद भरवली. आणि त्याच जून महिन्यात शेजारच्या ऑन्टारियो प्रांताने ‘रेग्युलेशन १७’ काढलं. पहिल्या दोन वर्षांनंतर शाळेत फ्रेंच माध्यमातून शिकवायचं नाही. एकीकडे भाषेचा उत्सव आणि दुसरीकडे मुलांच्या तोंडातून तीच भाषा काढून घेण्याचा आदेश! ऑन्टारियोतल्या फ्रेंच पालकांनी आणि शिक्षिकांनी पुढची पंधरा वर्षं लढा दिला, तेव्हा १९२७ मध्ये हा नियम सैल झाला.

त्या दिवसांत ‘तुमची बोली खरी फ्रेंच नाहीच’ हे वाक्य म्हणजे नुसती चेष्टा नव्हती. जी भाषाच नाही, तिच्यात शाळा कशाला हवी? रिव्हारच्या चिठ्ठ्या-चपाट्यांना वजन आलं ते इथे.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ती गेला, जेमतेम चाळिशीत. रिव्हार थांबला नाही. १९२१ मध्ये तो न्यायाधीश झाला, प्रांताच्या अपील कोर्टात, तेव्हाच्या नावाने कोर्ट ऑफ किंग्ज बेंच. दिवसा अपिलं, निकालपत्रं. आणि उरलेल्या वेळात पुन्हा शब्द. साथीला लुई-फिलिप जॉफ्रियाँ. तो विधानसभेचा सचिव होता, शिक्षणाने… ओळखलंत ना? वकील! बोलीभाषेवरचे त्याचे लेख १९२४ ते १९२७ मध्ये तीन पुस्तकांत निघाले होते.

१९३० मध्ये ‘ग्लॉसेर द्यु पार्ले फ्रांसे ओ कानादा’ प्रसिद्ध झाला. सातशेवर पानं. १९०२ ला सुरू झालेल्या कामाला अठ्ठावीस वर्षं लागली. मुखपृष्ठावरच काय-काय आहे ते कायद्याच्या मसुद्यासारखं नंबर टाकून दिलंय. एक, क्युबेक प्रांतात वापरात असलेले आणि शाळेच्या फ्रेंचने न स्वीकारलेले शब्द. दोन, त्यांचे अर्थ, उदाहरणांसह. तीन, ते आले कुठून त्याच्या नोंदी. चार, उच्चार. कुठेही ‘चूक’, ‘अशुद्ध’, ‘ग्राम्य’ असं काही नाही. फक्त, शाळेने न स्वीकारलेले. नकार शाळेचा आहे, शब्दाचा दोष नाही.

---

चौकट : आणखी एक वकील, आणखी एक कोश

क्युबेकच्या पूर्वेला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर अकादी नावाचा फ्रेंच मुलूख होता. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या लोकांना घरादारातून उठवून जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. जे लपले, जे परतले, त्यांच्या वंशातला पास्काल प्वारिए १८५२ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या शेडियाकला जन्मला. पोटासाठी ओटावाच्या संसदेत पोस्टमास्तर, शिक्षणाने वकील आणि १८८५ पासून कॅनडाचा पहिला अकादियन सिनेटर. १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सिनेटमध्ये होता. या काळात त्याने आपल्या लोकांचे शब्द जमवले. बोलीवरचं पुस्तक १९२८ मध्ये आलं, कोश मात्र त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाला नाही. १९९३ मध्ये त्याची संपूर्ण संपादित आवृत्ती निघाली. मधल्या काळात, १९७९ मध्ये, त्याच बोलीच्या ढंगात लिहिणाऱ्या आंतोनीन माये हिला फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळाला होता.

---

आणि निकाल?

रिव्हारने १९४१ मध्ये अपील कोर्टाच्या कामकाजावरचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि १९४५ च्या जुलैमध्ये तो गेला. वय सत्त्याहत्तर.

त्याच्यानंतर केस संपली नाही, उलट शहरात आली. १९६० च्या दशकात क्युबेक ढवळून निघालं. चर्चची पकड सुटली, फ्रेंच बोलणारे लोक नोकरी-धंद्यात आपला वाटा मागू लागले. ‘व्हाइट बोल’, म्हणजे माणसांच्या भाषेत बोल, इंग्रजीत बोल, असं ऐकून घेण्याची सहनशक्ती संपली होती. १९६८ मध्ये मिशेल त्रांब्लेचं ‘ले बेल-सर’ हे नाटक मॉन्ट्रियलच्या रंगमंचावर आलं. पात्रं म्हणजे कामगार वस्तीतल्या बायका. भाषा तीच, इंग्रजी-मिश्रित, रिव्हारच्या संस्थेने ‘तण’ म्हणून उपटलेली. काहींनी नाकं मुरडली, नाटक मात्र जगभर गेलं. आणि योगायोग बघा, त्याच १९६८ मध्ये लाव्हाल विद्यापीठाच्या प्रेसने रिव्हारचा ‘ग्लॉसेर’ पुन्हा छापला. परडीतले शब्द आणि खुरपलेले शब्द एकाच वर्षी समोरासमोर!

१९७७ मध्ये ‘बिल १०१’ आलं आणि क्युबेकमध्ये कामाची, दुकानांच्या पाट्यांची, शाळेची मुख्य भाषा फ्रेंच झाली. लाव्हाल विद्यापीठातच क्युबेकच्या फ्रेंचचा ऐतिहासिक खजिना गोळा करण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून १९९८ मध्ये ऐतिहासिक शब्दकोश निघाला. आजच्या अभ्यासकाने रिव्हारच्या कोशात उणिवा दाखवल्या, तरी पहिलं पान त्याचंच उलटावं लागतं. आज क्युबेकची लोकसंख्या ९० लाखांच्या घरात आहे आणि टीव्हीवरच्या बातम्या असोत की रॅपची गाणी, तिथली फ्रेंच स्वतःच्या आवाजात बोलते. सगळी लाज गेली असं नाही. पॅरिसला गेल्यावर अजूनही कुणीतरी ‘काय गोड अ‍ॅक्सेंट!’ म्हणतंच. पण आता त्यावर उत्तर तयार असतं, सातशे पानांचं.

हे आपल्याला का वाचावंसं वाटावं? कारण ऑफिसात आपण सगळे कुठून ना कुठून आलोय. नागपूरचा ‘करून राहिलो’ म्हणतो, मालवणची ‘खंय’ म्हणते, जळगावचा फोनवर आईशी अहिराणीत बोलताना आवाज खाली करतो. टीममधलं कुणीतरी हसतं, आपणही हसतो आणि हळूच तो शब्द खिशात टाकून ‘शुद्ध’ बोलायला लागतो. वर्षभरात तो शब्द खिशातूनही हरवतो.

रिव्हारने एवढंच केलं, की हसण्याआधी प्रश्न विचारला. हा शब्द आला कुठून, कोण बोलतं, कधीपासून? पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा आजीला एखादा शब्द विचारून बघा. आणि ती सांगत असताना मोबाइलचा रेकॉर्डर तेवढा चालू ठेवा. अद्ज्युतॉर रिव्हारला अठ्ठावीस वर्षं लागली होती, त्याच्याकडे रेकॉर्डर नव्हता.